चकाकी कोठे बिघडते?
जुन्या मोटारीच्या सदोष रंगकामाची दुरुस्ती

मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाहेर पडली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट आणि पद्मिनी, उत्तरपाड्याच्या कारखान्यातली अँबेसेडर यांचे उत्पादन त्याआधीच थांबले होते. आता ज्या गाड्या उरल्या आहेत, त्यांतल्या पुष्कळशा हौसेने जपलेल्या आहेत. आजोबांनी घेतलेली गाडी नातू पुन्हा चालती करतो. इंजिन उघडले जाते, पत्रा ठोकून सरळ केला जातो आणि शेवटी गाडी रंगाला जाते. रंगून आलेली गाडी दहा पावलांवरून झकास दिसते. पण जवळ जाऊन बॉनेटमध्ये ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले, की ते सरळ न दिसता नागमोडी दिसते. रंगाचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा असतो, दाराच्या खालच्या अंगाला एखादा ओघळ गोठलेला असतो आणि मधूनमधून धुळीचे कण अडकलेले असतात.

अशा वेळी मालकाला दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणजे, ‘सगळा रंग उतरवून पुन्हा मारा.’ दुसरा म्हणजे, ‘चांगले पॉलिश मारा, सगळे जाईल.’ पहिल्या सल्ल्यात पैसा जातो, जुन्या गाडीचा पत्रा पुन्हा एकदा रसायनांना तोंड देतो आणि काम करणाऱ्याच्या फुप्फुसात विषारी धूळ जाते. दुसऱ्या सल्ल्याने दोष फक्त झाकला जातो. यांतला कोणताही सल्ला मानण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारला पाहिजे: दोष नेमका कोठे आहे, रंगाच्या पृष्ठभागावर की थराच्या आत? या प्रश्नाचे उत्तर शोधायला शाळेत शिकवले जाणारे प्रकाशाचे परावर्तन, पृष्ठताण आणि बाष्पीभवन एवढे बहुतेक पुरते.

रंग वेगळा, चकाकी वेगळी

रंगाच्या थरावर प्रकाश पडला की त्याचे दोन भाग होतात. रंगातील राळेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. त्यामुळे समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश वरच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. उरलेला आत शिरतो. आतले रंगद्रव्याचे कण त्यातला काही भाग शोषून घेतात आणि काही सर्व दिशांना विखुरतात. हा विखुरलेला प्रकाश बाहेर आला, की आपल्याला लाल किंवा निळा रंग दिसतो. चकाकी आणि प्रतिबिंब मात्र येते ते पृष्ठभागावरून परतलेल्या त्या चार टक्क्यांतून.

काळ्या गाडीवर दोष इतके उठून का दिसतात, याचे उत्तर येथेच आहे. पांढऱ्या रंगाच्या आतून मोठ्या प्रमाणावर प्रकाश परत येतो. त्या उजेडात पृष्ठभागावरच्या ओरखड्यांचा क्षीण प्रकाश बुडून जातो. काळ्या रंगाच्या आतून जवळजवळ काहीच परत येत नाही, त्यामुळे डोळ्याला दिसतो तो केवळ पृष्ठभाग, त्याच्या सगळ्या गुणदोषांसह.

पृष्ठभाग किती गुळगुळीत असला म्हणजे तो आरशासारखा वागेल? लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोटीनुसार, प्रकाश समोरून पडत असेल तर उंचसखलपणा तरंगलांबीच्या आठव्या भागाहून कमी हवा. हिरवा प्रकाश घेतला, तर ही मर्यादा सुमारे ७० नॅनोमीटर येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ही मर्यादा केसाच्या एक हजारांश आहे! प्रकाश तिरका पडला की ही अट सैल होते. लंबाशी ८० अंशांचा कोन करून पडणाऱ्या प्रकाशासाठी ४०० नॅनोमीटरचा उंचसखलपणाही चालतो. म्हणून खडबडीत पृष्ठभागसुद्धा नजर अगदी तिरकी करून पाहिला तर चकाकताना दिसतो. रंगकाम तपासायचे असेल तर समोरूनही पाहिले पाहिजे, ते यासाठी.

या मर्यादेहून मोठे पण अगदी जवळजवळ असलेले ओरखडे असतील तर पृष्ठभाग धुरकट दिसतो. सालीचा दोष वेगळा असतो. तेथे पृष्ठभागाचा प्रत्येक लहान तुकडा पुरेसा गुळगुळीत असतो, पण तो किंचित कललेला असतो. समजा, रंगावर ५ मिलिमीटर लांबीची आणि ५ मायक्रॉन उंचीची लाट आहे. गणित केले तर या लाटेचा सर्वांत मोठा उतार अंशाच्या पाचव्या भागाएवढासुद्धा भरत नाही. परंतु आरसा जितका कलतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो. म्हणून २ मीटर अंतरावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब अशा लाटेमुळे सुमारे १२ मिलिमीटर सरकते. ट्यूबच्या जाडीच्या जवळजवळ निम्मे! केसाच्या चौदाव्या भागाएवढी लाट आपल्याला दुरून दिसते, ती या किरणवाढीमुळे. चांगला पेंटर काम तपासताना हातात दिवा घेतो, तो एक अतिशय नाजूक मोजमाप करत असतो.

साल आणि ओघळ

स्प्रे गनमधली दाबाची हवा रंगाचे बारीक थेंब करते. हे थेंब पत्र्यावर आदळतात तेव्हा ओला पृष्ठभाग उंचसखलच असतो. तो सपाट करण्याचे काम पृष्ठताण करतो. द्रवाचा पृष्ठभाग कमीत कमी क्षेत्रफळ व्यापू पाहतो, त्यामुळे उंचवट्यांतला रंग खळग्यांकडे वाहतो. रंगाची श्यानता, म्हणजे दाटपणा, या वाहण्याला विरोध करते.

या ओढाताणीचे गणित मोठे बोलके आहे. लाट सपाट व्हायला लागणारा वेळ लाटेच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. १ मिलिमीटरची लाट समजा एका सेकंदात विरली, तर ५ मिलिमीटरच्या लाटेला ६२५ सेकंद, म्हणजे दहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तेवढ्या वेळात थिनर उडून जातो, रंग दाट होतो आणि लाट जागच्या जागी गोठते. हीच ती साल. स्प्रे गन फार दूर धरली, रंग पुरेसा पातळ केला नाही, किंवा एप्रिलच्या उन्हात लवकर उडणारे थिनर वापरले, की साल हमखास येते.

मग थर जाड मारला तर? सपाट होण्याचा वेळ थराच्या जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. थर दुप्पट जाड केला तर तो आठपट लवकर सपाट होईल. पण दार उभे असते. उभ्या पत्र्यावर ओल्या रंगाचा पृष्ठभाग खाली घसरण्याचा वेग जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चौपट होतो. त्यामुळे ओघळ येतो. साल आणि ओघळ यांच्यामधली अरुंद वाट पेंटरला दर हाताला सांभाळावी लागते. एकाच गाडीचे बॉनेट सुरेख आणि दारे मात्र सदोष का असतात, तेही यावरून समजेल. आडव्या पत्र्यावर जाड थर चालून जातो, उभ्यावर नाही.

तिसरा एक दोष म्हणजे वाटोळे खळगे. पेंटर त्यांना माशाचे डोळे म्हणतात. पूर्वी कधी तरी मारलेल्या सिलिकोनच्या पॉलिशचा अंश पत्र्यावर राहिला, की तेथे पृष्ठताण कमी होतो. भोवतालचा जास्त पृष्ठताण रंगाला स्वतःकडे ओढून घेतो आणि मध्ये उघडा डोळा राहतो.

ड्युको आणि पावसाळा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीला रंग देणे हे कित्येक आठवड्यांचे काम होते. जवसाच्या तेलासारख्या तेलांवर आधारलेली वार्निशे हवेतला प्राणवायू घेत सावकाश वाळत. अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीचा ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि हे काम दिवसांवर आले. नायट्रोसेल्युलोज थिनरमध्ये विरघळवायचे, फवारायचे आणि थिनर उडून जाऊ द्यायचे, एवढीच कृती. त्यात रासायनिक बदल होत नाही. वाळलेला थर पुन्हा थिनर लावला तर पुन्हा विरघळतो. आपल्याकडे ‘ड्युको पेंट’ हे या जातीच्या रंगाचे सर्वसाधारण नावच होऊन बसले.

या रंगाचा एक दोष कोकणपट्टीतल्या पेंटरांना चांगला परिचित आहे. पावसाळ्यात फवारलेला रंग काही मिनिटांत पांढुरका पडतो, जणू त्यावर धूर बसला आहे. तळहातावर स्पिरिट ओतले की गार वाटते, तसेच थिनर झपाट्याने उडताना पत्र्यावरचा थर थंड होतो. हवेचे तापमान २८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २५ अंशांवर असतो. थर केवळ तीन अंशांनी थंड झाला की त्यावर दव पडू लागते. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी, तापमान २५ अंश आणि आर्द्रता ४० टक्के असताना, तेच होण्यासाठी थर चौदा-पंधरा अंशांनी थंड व्हावा लागेल. पाण्यात नायट्रोसेल्युलोज विरघळत नाही. त्याच्या गुठळ्या होतात, थरात सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि त्या प्रकाश विखुरतात. ढग पांढरा दिसतो त्याच कारणाने हा थरही पांढरा दिसतो.

हा दोष मात्र सहज सुधारता येतो. सावकाश उडणारे थिनर (बाजारात त्याला रिटार्डर म्हणतात) कोरड्या हवेच्या दिवशी हलकेच फवारले की वरचा भाग पुन्हा विरघळतो, अडकलेले पाणी निघून जाते आणि थर पुन्हा एकसंध होतो.

आजकाल जुन्या गाड्यांनाही बहुधा दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग मारला जातो. त्यात ‘हार्डनर’ मिसळल्यावर रेणूंचे जाळे तयार होते. ते थिनरमध्ये पुन्हा विरघळत नाही. म्हणजेच ड्युकोवर चालणारा रिटार्डरचा उपाय येथे निरुपयोगी आहे.

आधी निदान

म्हणून पहिली चाचणी रंगाची जात ओळखण्याची. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूसारख्या, न दिसणाऱ्या जागी थिनरने ओली केलेली पांढरी चिंधी थोडा वेळ धरावी. रंग सहज विरघळून चिंधीवर आला तर तो ड्युको. सुरकुतला किंवा मऊ पडला तर बहुधा एनॅमल. काहीच झाले नाही तर पूर्ण पक्व झालेला दोन घटकांचा रंग.

दुसरी पायरी म्हणजे दोषांची विभागणी. साल, ओघळ, वर बसलेले धुळीचे कण, बफच्या चक्राकार रेघा आणि हलका पांढुरकेपणा हे पृष्ठभागाचे दोष आहेत. घासून आणि घोटून ते जातात. पण पुटीच्या कडा नकाशातल्या रेषांसारख्या वर उमटल्या असतील, थराला भेगा असतील, थिनरचे बुडबुडे फुटून आरपार सुईछिद्रे झाली असतील, खालून गंज फुगत असेल, किंवा नखाने रंगाची पापुद्री सुटत असेल, तर तो आतला दोष आहे. वरून कितीही घासले तरी तो राहणारच. सुईछिद्रे तर घासल्यावर अधिकच उघडी पडतात. तेवढा भाग खालपर्यंत काढून पुन्हा करण्याला पर्याय नाही. अशा जागी ‘आणखी एक हात मारू’ हा उपायही घातक ठरतो. ड्युकोचे थरावर थर चढत गेले की जाड झालेला थर आकसताना स्वतःच्याच ताणाने तडकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे थांबणे. वरून कोरडा वाटणारा थर आत ओला असतो. आतल्या थिनरचे रेणू विसरणाने वर येतात, आणि विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड, तर वेळ चौपट. ओघळाची जाडी तर भोवतालच्या थराच्या कितीतरी पट असते. घाईने घासले तर ओघळावरची साय फाटते आणि आतला मऊ रंग भसकन निघून खड्डा पडतो. शिवाय थिनर निघून जाताना थर आकसत राहतो. आज सपाट केलेला पृष्ठभाग पुढच्या महिन्यात पुन्हा उंचसखल दिसू शकतो. ड्युकोच्या जाड थरासाठी काही आठवडे थांबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

घासणे आणि घोटणे

निदान झाले की मग काम सुरू करायचे. ते रंग लावण्याचे नाही, काढण्याचे आहे. खळगे भरता येत नाहीत, म्हणून उंचवटे खळग्यांच्या पातळीपर्यंत उतरवायचे.

यासाठी वॉटर पेपर बोटांनी धरून चालत नाही. बोटांची मऊ टोके लाटेबरोबर वरखाली होतात आणि उंचवटा व खळगा दोन्ही सारखेच घासतात. कागद सपाट, ताठ ठोकळ्याला गुंडाळला की ठोकळा उंचवट्यांवर टेकून राहतो आणि फक्त त्यांनाच कापतो. सुताराच्या रंध्याचे तत्त्व तेच आहे. रंधा जितका लांब तितकी फळी सरळ. गाडीच्या गोलाईवर मात्र किंचित लवचीक रबरी ठोकळा लागतो. पाण्यात साबणाचा थेंब टाकून घासावे. पाणी धूळ वाहून नेते, कागद तुंबू देत नाही आणि उष्णता शोषून घेते.

मध्ये थांबून पृष्ठभाग पुसून कोरडा करावा. घासलेला भाग निस्तेज आणि न पोचलेला खळगा चकचकीत दिसतो. चकचकीत ठिपके दिसेनासे होत गेले, की पातळी मिळत आली असे समजावे. ओघळ असेल तर भोवतालच्या चांगल्या रंगावर मास्किंग टेप लावावी, ओघळाचा माथा धारदार पात्याने किंवा लहान कानशीने हळूहळू उतरवावा आणि शेवटचा भाग ठोकळ्याने करावा.

त्यानंतरची पायरी आपल्या घरांतही पाहिलेली असते. मोझॅकच्या फरशीला पॉलिश करताना आधी जाडा दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक असा क्रम असतो. येथेही तसेच. कागदावरचा क्रमांक जितका मोठा तितके कण लहान. १००० क्रमांकाच्या कागदावरचे कण सुमारे १८ मायक्रॉनचे, १५०० चे १२ ते १३ आणि २००० चे १० मायक्रॉनचे असतात. प्रत्येक पायरीचे काम एकच, मागच्या पायरीच्या रेघा काढून टाकणे. म्हणून प्रत्येक पायरीला घासण्याची दिशा बदलावी. आडव्या रेघा पूर्ण जाऊन केवळ उभ्या उरल्या, म्हणजे ती पायरी झाली. मधली पायरी गाळली तर खोल रेघ तशीच राहते आणि शेवटच्या पॉलिशनंतर उन्हात चमकून दिसते.

शेवटी रबिंग कंपाउंड आणि बफ. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये म्हटले होते, की पॉलिश म्हणजे दुसरे काही नसून रेघा इतक्या बारीक करणे, की त्या डोळ्याला दिसू नयेत. मोटारीच्या रंगाच्या बाबतीत हे वर्णन बऱ्याच अंशी लागू पडते. कंपाउंडमधले अपघर्षक कण ओरखड्यांचे माथे कापत जातात, तोपर्यंत की उरलेला उंचसखलपणा रॅलेच्या मर्यादेजवळ येतो. बफ एका जागी थांबवू नये. ड्युकोसारखा रंग घर्षणाच्या उष्णतेने मऊ होतो आणि ओढला जातो.

काम झाल्यावर गाडी चमकते आहे म्हणजे ती सपाट झाली आहे, असे मानू नये. पॉलिशमधले तेल आणि मेण रेघांमध्ये भरून बसते. त्यांचा अपवर्तनांक रंगाच्या राळेच्या जवळचा असल्यामुळे रेघा दिसेनाशा होतात. दोन-तीन धुण्यांनंतर त्या पुन्हा वर येतात. काम ताब्यात घेण्यापूर्वी एक भाग साबणाच्या पाण्याने नीट धुऊन, पुसून, दिव्याखाली पाहावा.

मायक्रॉनचा हिशेब

या सगळ्या कामाला एक कठोर मर्यादा आहे, ती म्हणजे थराची जाडी. समजा, वरच्या रंगाची जाडी ५० मायक्रॉन आहे. म्हणजे वहीच्या पानाहूनही कमी. सालीच्या उंचवट्याखळग्यांत ८ मायक्रॉनचे अंतर आहे. ते उतरवायला ८, कागदाच्या रेघा काढायला ३ आणि बफिंगला २, असे १३ मायक्रॉन गेले. ३७ उरले, ठीक आहे. आता याच गाडीवर दर वर्षी ‘नव्यासारखी चमक’ म्हणून कंपाउंड मारले आणि दर वेळी दोन-तीन मायक्रॉन गेले तर? काही वर्षांत प्रायमर डोकावू लागेल. नव्या गाड्यांच्या वरच्या पारदर्शक थरात, ज्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते, अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात. तो थर फार पातळ झाला तर खालच्या रंगाचे संरक्षणही कमी होते.

सर्वांत मोठा धोका कडांवर असतो. ओला रंग वाळत असताना पृष्ठताण त्याला तीक्ष्ण कडेपासून मागे ओढतो, त्यामुळे कडेवर थर मुळातच पातळ असतो. त्यात ठोकळ्याचा सगळा दाब कडेच्या चिंचोळ्या पट्टीवर येतो. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त. दोन्ही कारणे एकत्र आली की दोन-चार फटक्यांत पत्रा दिसू लागतो. म्हणून घासण्यापूर्वी सर्व कडा आणि पत्र्याच्या उठावदार रेषा टेपने झाकाव्यात आणि शेवटी फक्त हाताने, हलकेच घोटाव्यात.

जाडी मोजण्याची लहान यंत्रे मिळतात. पोलादी पत्र्यावर त्यांतली बरीच चुंबकीय तत्त्वावर चालतात. चुंबक आणि पोलाद यांच्यातले अंतर वाढले की आकर्षण कमी होते. मात्र ती सर्व थरांची मिळून जाडी सांगतात. आकडा ३०० आला तर त्यात वरचा रंग ५० चा आणि बाकी सगळे जुने थर व सर्फेसर असू शकतात. म्हणून मोठ्या आकड्यावर विसंबून बेफिकिरीने घासू नये. आकडा हजारावर गेला तर तेथे पुटी आहे असे समजावे.

तर मग थांबायचे कोठे? मोजके खोल ओरखडे काढण्यासाठी संपूर्ण दार पाच-सहा मायक्रॉनांनी उतरवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ओरखड्याच्या कडा गोलसर केल्या, की त्याची चमक जाते आणि तो नजरेला टोचत नाही. तेवढ्यावर समाधान मानावे. कारखान्यातला मूळ रंग ज्या गाडीवर अजून टिकून आहे, तिच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. तो थर एकदा गेला की परत आणता येत नाही.

धुळीतले विष

या कामाचा आणखी एक पैलू गॅरेजमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहतो. जुन्या रंगांत शिशाची संयुगे सर्रास असत. पिवळ्यासाठी लेड क्रोमेट आणि गंज रोखणाऱ्या प्रायमरमध्ये शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ मध्ये लागू झाला. पण तो मोटारींच्या रंगांना लागू नाही, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या थरावर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. असा थर कोरडा घासला की शिसे हवेत उडते. ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. म्हणून जुना रंग कोरडा कधीही घासू नये, ओलाच घासावा. घासलेला गाळ अंगणात किंवा गटारात न सोडता कापडाने टिपून वेगळा ठेवावा, आणि ते कपडे घालून घरात लहान मुलांना उचलू नये.

दोन घटकांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट गटाची संयुगे असतात. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये पसरलेल्या मिथिल आयसोसायनेटमध्येही हाच क्रियाशील गट होता. हार्डनरमधली संयुगे त्या वायूइतकी चटकन उडत नाहीत. परंतु फवारणीच्या तुषारांतून ती श्वासात जातात आणि त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. एकदा शरीराला त्यांची ॲलर्जी झाली, की पुढे अगदी अल्प मात्राही त्रास देते. नाकाला बांधलेला रुमाल येथे कुचकामी आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा खेळती ठेवणारी बंदिस्त खोली लागते. पृष्ठभागावरच्या दोषासाठी सगळी गाडी पुन्हा रंगवायला सांगणारा मालक, दुसऱ्या कुणाला तरी या धुरात पुन्हा उभे करत असतो. जे पाणी, ठोकळा आणि धीर यांवर भागते, त्यासाठी फवारणी नको.

वर्गात करून पाहा

१. स्टीलचे ताट, वर्गातले रंगवलेले कपाट, चकचकीत फरशी आणि मोबाइलची काच यांमध्ये आलेख कागदाचे प्रतिबिंब पाहा. कागद जवळून हळूहळू दूर न्या. कोणत्या अंतरावर चौकटी मोडू लागतात, त्याची नोंद करा. आधी समोरून आणि मग तिरके पाहून फरक लिहा.

२. ताटलीत पाणी घेऊन त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. मध्यभागी साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी टेकवा. पावडर चहूकडे पळून मध्ये मोकळे वर्तुळ होते. माशाचा डोळा तो हाच.

३. शंभर कागदांच्या गठ्ठ्याची जाडी पट्टीने मोजून एका कागदाची जाडी मायक्रॉनमध्ये काढा. आता एक चुंबक पोलादी कपाटाला लावा आणि मध्ये एकेक कागद वाढवत न्या. किती कागदांनंतर चुंबक घसरतो? जाडी मोजण्याच्या यंत्राचे तत्त्व हाती आले.

४. जुन्या सीडीची डेटाची, म्हणजे पारदर्शक बाजू पाण्यात १०००, मग १५००, मग २००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने घासा. प्रत्येक पायरीनंतर एक पट्टी तशीच राखून ठेवा. शेवटची पट्टी टूथपेस्टने घोटा. मग सर्वांत धुरकट पट्टीवर खोबरेल तेलाचा थेंब पसरा. रेघा कोठे गेल्या? तेल साबणाने धुऊन पुन्हा पाहा.

थिनर किंवा रंग यांचे प्रयोग वर्गात करू नयेत. मात्र जवळच्या गॅरेजमधला एखादा अनुभवी पेंटर शाळेत यायला तयार असेल, तर त्याला जरूर बोलवावे. ‘पावसाळ्यात कोणते थिनर वापरता?’, ‘दाराला रंग मारताना गन किती अंतरावर धरता?’, ‘कडेला टेप का लावता?’ असे प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. त्याची उत्तरे फळ्यावर एका बाजूला लिहावीत आणि दुसऱ्या बाजूला दवबिंदू, श्यानता, दाब हे शब्द. कोणते उत्तर कोणत्या शब्दाशी जुळते, ते मुलांनीच ठरवावे.